डाळीतली कैरी

दादा, आज सकाळी घंटी मी वाजवली. दोनच टोले दिले आणि हात खाली आला. तुम्ही ती हातात धरून गावाच्या टोकापर्यंत जायचात, एकेका अंगणासमोर थांबून "उठला का रे?" म्हणून ओरडायचात आणि पोरांची रांग मागे घेऊन परत यायचात. मला ते जमलं नाही. मी ओट्यावरच उभी राहिले. तरी पोरं आली. रोज डोळे चोळत उशिरा येणारीसुद्धा वेळेवर आली, गुपचूप बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तुमच्या खुर्चीकडे पाठ करून मी उभ्यानंच हजेरी घेतली. 'हजर बाई' म्हणताना एकाचाही आवाज चढला नाही.

तुम्ही रविवारी गेलात. शाळेचा दिवस बुडवायचा नाही हा हट्ट जातानासुद्धा सोडला नाहीत, असं तुमच्या घरून, मुलचेऱ्याहून, परत येताना मी बसमध्ये मनातल्या मनात म्हटलं आणि मला हसू आलं. हसता हसता रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं जी?" मी म्हटलं, आमचे हेडमास्तर गेले. ती "अरेरे" म्हणाली आणि धूळ येत होती म्हणून खिडकी लावून घेतली.

केंद्रप्रमुखांचा निरोप आला आहे. तालुक्याच्या अंकासाठी मी तुमच्यावर पानभर लिहून द्यायचं आहे. 'मंडल गुरुजींनी गैरहजेरी कशी कमी केली, मुद्द्यांत लिहा, उगाच भावनिक नको.' कालपासून लिहायला बसते आणि उठते. पाणी पिऊन येते, दाराची कडी लावते, पुन्हा काढते. मुद्दे कसले डोंबलाचे? मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट पडलंय, ते तसंच टाकून तुम्ही निघून गेलात, आणि आता मी एकटीनं दोन्ही बाजूंनी बोलत घरभर फिरते आहे. अम्मी म्हणते, लेक वेडी झाली.

भांडण एकच. पोरगं शाळेत का येत नाही?

तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "पोरगं शाळेत येत नाही म्हणजे घरात खोट आहे, बाई." माझंही ठरलेलं होतं. खोट शाळेत आहे, एकदा शाळेकडे बघा तरी. मी या शाळेवर रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात आपण यावरून कडाडून भांडलो आणि दोघांनीही आपापले डबे वेगवेगळ्या खोल्यांत खाल्ले. दोन शिक्षकांची शाळा, दोनच खोल्या, म्हणून बरं.

तुम्ही तुमचं उत्तर घरून घेऊन आला होतात. तुमचे वडील सगळं मागे टाकून, बायकोपोरांना घेऊन सीमेपलीकडून निर्वासित म्हणून आले. आधी छावणी, मग मुलचेऱ्याजवळ जंगल तोडून दिलेली जमीन. त्यांच्याकडे मुलाला द्यायला शाळेखेरीज काही नव्हतं, म्हणून त्यांनी ती द्यायचीच असं ठरवलं. तुम्हाला कांजण्या आल्या तरी त्यांनी तुम्हाला उचलून शाळेच्या पायरीवर आणून बसवलं, ही गोष्ट तुम्ही किती अभिमानानं सांगायचात! "आपण एक दिवस शाळा बुडवला नाही, बाई. एक दिवस." 'शाळा बुडवला'. आयुष्य इथं काढलं तरी तुमच्या तोंडी शाळा पुरुषच राहिली आणि आम्ही हसलो की तुम्ही आणखी मुद्दाम तसंच बोलायचात. मी एकदा विचारलं, मग त्या कांजण्यांचं काय झालं? तेव्हा तुम्ही जरा चाचरत कबूल केलंत की वर्गातल्या सगळ्यांना झाल्या आणि शाळा बंद ठेवावी लागली. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या शंभर टक्के हजेरीनं बाकी सगळ्यांना घरी बसवलं. तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि पोट धरून हसलात. तुमचा राग जेवढा लवकर यायचा तेवढंच हसूही. त्यामुळेच तर तुमच्याशी भांडायची मला सवय लागली.

माझं उत्तरही घरूनच आलेलं. अहेरीच्या बाजारात अम्मीचं बांगड्यांचं दुकान, म्हणजे जमिनीवर पसरलेली चादर. अब्बांच्या हातून बांगड्या भरून घ्यायला खेड्यातल्या बायका लाजायच्या, म्हणून अम्मीच बसायची. आणि अम्मी बसली की काच सांभाळायला, धाकट्याला मांडीवर घ्यायला मी लागायचे. दर बाजाराच्या दिवशी माझी शाळा बुडायची. अम्मी आदल्या दिवशीच सांगून ठेवायची, "कल तेरे को बुखार है." दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना ताप सांगायचे, गुरुजी ताप लिहायचे. एकदा ते बाजारात अम्मीच्याच चादरीपाशी आले, बायकोसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "यांच्या घरात शिक्षणाची आवडच नाही." तेव्हा मी पाटीकडे बघत राहिले. त्या बांगड्या विकूनच माझी पाटी आली होती, दादा.

म्हणून तुमच्या त्या दोन शब्दांवर मी उसळायचे. 'पालकांची उदासीनता'. महिन्याच्या तक्त्यात गैरहजेरीचं कारण लिहायचा रकाना आला की तुमचं पेन तेच लिहायचं. हात कसा तो इकडेतिकडे व्हायचा नाही. मी म्हणायचे, उन्हाळ्यात सकाळची शाळा लावता, आणि मोहफूल पहाटेपासून पडतं. पोरं आईबापाबरोबर झाडाखाली असणार नाहीतर कुठे? शाळा दुपारी घ्या. तुम्ही म्हणायचात, वेळ आपण नाही ठरवत, वरून ठरतो. मी म्हणायचे, मग उदासीन कोण, वरचे की झाडाखालचे? तुम्ही चष्मा काढून पुसायला लागायचात. चष्मा पुसणं म्हणजे उत्तर सापडत नाहीये, हे मला ठाऊक झालं होतं.

आणि शेवटी तुमचं एक वाक्य असायचंच. "जाऊ द्या बाई. आपण इथले पाहुणे. पाहुण्यानं फार बोलू नये." त्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. मी अहेरीची, माझी आजी इथल्याच मातीत पुरलेली, मी कशाची पाहुणी? आणि तुम्हीसुद्धा. अख्खं आयुष्य इथं गेलं. पण तुम्ही ते गमतीनं म्हणत नव्हतात. गावात लग्न असलं तरी तुम्ही मांडवाच्या कडेला उभे राहायचात, आहेर द्यायचात आणि सायकल काढायचात.

अजून एक आठवतं, त्याचा अर्थ मला परवा लागला. थंडीत पोरं खिसे भरभरून बोरं आणायची. मी तिथंच खायला लागायचे. तुम्ही मात्र घेऊन सदऱ्याच्या खिशात ठेवायचात. "नंतर." मी चिडवायचे, दात गेले वाटतं दादांचे. तुम्ही नुसतं हसायचात. मग थंडी ओसरताना अचानक एक दिवस मचमच बोरं खात वर्गात फिरायचात, आणि मी म्हणायचे, आज दात आले का परत?

आता त्या वर्षाकडे येते. यायचंच आहे, उगाच टाळतेय.

शाळेत शिजवलेलं जेवण सुरू झालं ते वर्ष. स्वयंपाकाला अजून कुणी नेमलेलं नव्हतं, चूल आपणच पेटवायचो. मी पहिली-दुसरीला पाढे सांगत चुलीत लाकूड सारायचे, तुम्ही चौथीला भूगोल सांगत भात ढवळायचात. चैत्रातलं ऊन. शाळेच्या अंगणातलं आंब्याचं झाड कैऱ्यांनी वाकलेलं. एके दिवशी तुम्ही बाह्या वर करून आलात आणि म्हणालात, "बाई, आज आपण डाळ करणार. माझी आई उन्हाळ्यात करायची तशी. पोरांच्या पोटाला थंड." हाताच्या लांबीच्या काठीनं तुम्ही कैऱ्या पाडल्यात, सालं काढलीत, फोडी केल्यात, पातळ डाळीत सोडल्यात, वरून चिमूटभर साखर. काय वास सुटला होता! मी दोन वाट्या प्याले. गावात कैरीचा सण झाला असणार, असं आपण धरून चाललो होतो, कारण दरवर्षी तोवर होऊन जायचा. इथं त्याला पंडुम म्हणतात. गावदेवाला पहिला आंबा दाखवायचा आणि मग गावानं खायचा, त्याआधी नाही. हे आपल्यालाही माहीत होतं, पण वरवरचं.

पोरांनी भात खाल्ला. डाळ ताटात तशीच. मोठ्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपली ताटं भिंतीमागे नेऊन रिकामी केली. फक्त मैनीनं, पहिलीतल्या मैनीनं, सगळी डाळ पिऊन वाटी चाटली आणि पुन्हा मागितली. तुम्ही भिंतीमागे गेलात आणि ती सांडलेली डाळ पाहिलीत.

तुमचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "अन्न फेकता? अन्न?" छावणीत रेशनच्या रांगेत उभं राहिलेलं लहान पोर ओरडत होतं ते, आता कळतं. तुम्ही सगळ्यांना उभं केलंत. म्हणालात, उद्यापण हाच डाळ होणार, आणि जो खाणार नाही त्यानं शाळेत येऊच नये.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. तुम्ही घंटी घेऊन गावभर फिरलात आणि एकटे परत आलात. एकेका अंगणातून एकच उत्तर मिळालं होतं, महू वेचायले गेला, महू वेचायले गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही डाळ शिजवून ठेवायचात आणि आपण दोघं त्या पातेल्याकडे बघत बसायचो. मग तुम्ही पेन काढलंत. मला लांबूनच दिसलं, काय लिहिताय ते. मोहफूल हंगाम, पालकांची उदासीनता. मी म्हटलं, दादा, मोहाच्या दिवसांतसुद्धा निम्मी पोरं यायची, यावेळी सगळीच कशी गेली? तुम्ही म्हणालात, "बाई, ज्या घरात अन्नाची किंमत नाही त्या घरात शाळेची काय असणार?" मी चपला घातल्या आणि निघाले.

मैनीच्या घरी गेले. ती अंगणातच होती, पण एका कडेला, कुडाजवळ, एकटी. तिच्यापुढं पानाच्या द्रोणात भात. घरातल्या चुलीशी तिला जाऊ देत नव्हते असं दिसलं. तिची आई मोहफुलं वाळत घालत होती. मला बघून तिनं हात पुसले.

"ताप हाय बाई तिले."

मी मैनीच्या कपाळाला हात लावला. गार. मला हसू आलं. म्हटलं, "आमच्या अम्मीकडेही असाच ताप होता. बाजाराच्या दिवशी यायचा अन् दुसऱ्या दिवशी उतरायचा."

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग तोंडावर पदर धरून हसली. आणि बसली माझ्याजवळ.

"गुरुजीले नोका सांगू बाई. त्याईले वाईट वाटन."

"काय झालंय पण?"

"आमचं पंडुम नाई झालं ना अजून. थे म्हातारी नाई का मेली, म्हून गाव थांबून हाय. गावात मानूस गेला का त्याचे दिवस होऊस्तोर आमी पंडुम नाई करत. अन् पंडुम झाल्याबिगर आंबा तोंडात नाई घालत. मैनी लहान हाय, तिले समजलं नाई. आता पंडुम होऊस्तोर तिले चुलीपासून दूर ठेवलं, एवढंच."

"अगं, मग पोरांनी गुरुजींना सांगायचं ना सरळ!"

"कसे सांगतीन? गुरुजीनं सोताच्या हातानं रांधलं, मायेनं वाढलं. नाई म्हनलं त गुरुजीचा अपमान होते. खाल्लं त देवाचा होते. त्यापरीस घरी राह्यलेलं बरं ना."

दादा, मी शिक्षकाची पदविका घेतली, पुस्तकांत गैरहजेरीची कारणं पाठ केली. गरिबी, अज्ञान, स्थलांतर, शेतीची कामं. 'गुरुजींचा अपमान होऊ नये म्हणून' हे कारण कुठंच नव्हतं. ती पोरं तुमचा मान राखायला घरी बसली होती आणि तुम्ही त्यांना उदासीन लिहीत होतात. आणि त्यांनी जे कारण सांगितलं ते तरी का सांगितलं? कारण तेच तुम्हाला ऐकू येत होतं. माझ्या गुरुजींना ताप ऐकू यायचा, म्हणून अम्मी ताप सांगायची. मोठ्या माणसाला झेपेल तेवढंच आपण सांगतो.

ती नको म्हणाली होती, तरी मी सांगितलं. शाळेत येऊन, दारातूनच, धाप लागलेली असताना, सगळं. तुमच्या हातात खडू होता. तुम्ही रिकाम्या बाकांकडे पाहिलंत. मग पातेल्याकडे. मला वाटलं आता चष्मा पुसतील. तुम्ही खडू ठेवलात, सायकल काढलीत आणि म्हणालात, "चला बाई. कुठं बसतो गायता?"

गायता म्हणजे गावदेवाची पूजा करणारा मानकरी, आणि आपल्या गावचा गायता म्हणजे मैनीचा आजा. तुम्ही त्याच्या अंगणात उभे राहिलात, बसा म्हटलं तरी बसला नाहीत. "माझी चूक झाली," एवढंच म्हणालात. शब्दाचं लिंग या वेळी बरोबर आलं होतं, आणि मी अशी की त्या क्षणीही ते टिपलं.

म्हातारा म्हणाला, "चूक नोका म्हनू जी. तुमाले मालूम नव्हतं. तुमी आंबा नोका घालू, पोट्टे उद्या येतीन."

"मला काय करावं लागेल?"

"काई नाई." मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "तुमचं गाव कोनतं गुरुजी?"

"गाव पलीकडं राहिलं. आता नाही गाव."

"मंग आंबा कोनत्या गावाचा खाता?"

तुमचा हात चष्म्याकडे गेला. म्हातारा हसला आणि म्हणाला, "आमी थांबून हाओत. तुमी बी थांबा."

दुसऱ्या दिवशी पोरं आली. मैनीसुद्धा आली, आपला द्रोण घेऊन कडेला बसली, आणि तुम्ही आपलं ताट उचलून तिच्या शेजारी जाऊन बसलात. पुढं म्हातारीचे दिवस झाले, पंडुम झालं, तुम्ही शाळेच्या झाडाच्या कैऱ्या टॉवेलात बांधून नेल्यात आणि त्यांनी पानावर ठेवलेली फोड गर्दीच्या कडेला उभं राहून खाल्लीत. त्यानंतर दरवर्षी तुम्ही थांबलात. मी बघत होते.

पण त्या दिवशी गायत्याकडून परतताना, सायकल हातात धरून चालताना, तुम्ही काय म्हणालात? आठवतं? "बघा बाई, शेवटी कारण घरचंच निघालं ना?"

मी जागच्या जागी थांबले. म्हटलं, डाळीत कैरी घरच्यांनी घातली? तुम्ही म्हणालात, पण थांबायचा नियम तर घरचाच ना. मी म्हटलं, मग ताटात वाढायच्या आधी विचारायचा नियम कुणाचा? शाळा येईपर्यंत आपण भांडत होतो, आणि त्यानंतरची सगळी वर्षं. केंद्रावर, बसमध्ये, निवडणुकीच्या कामावर. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं, 'बाई, तुमचं बरोबर होतं.' फार मोठं नव्हतं मागणं. तुम्ही दरवेळी चष्मा पुसलात. तक्त्यात 'उदासीनता' लिहिणं तुम्ही त्या वर्षीपासून सोडून दिलंत, हे मी पाहिलं होतं. पण तोंडानं? छे!

परवा तुमच्या घरी गेले होते. बौदी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी तुमच्या भाषेत त्यांना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणते, तेव्हा त्या एरवी हसतात. परवा हसल्या नाहीत.  मग त्यांनीच विचारलं, "बाई, तुमाले बोराचं सांगितलं होतं का यांनी?"

मी म्हटलं, नाही. कसलं बोराचं?

"आमच्यात माघातली सरस्वतीची पूजा होईपर्यंत पोरं बोर खात नाहीत. खाल्लं तर विद्या रुसते, असं आई सांगते. हे लहान होते, पहिलीत. गुरुजीनं प्रेमानं बोरं दिली. यांनी मुठीत धरली, खाल्ली नाही. गुरुजी म्हणाले, माजलास का रे, दिलेलं खात नाहीस? सगळ्यांसमोर खायला लावलं. यांनी तोंडात घेतलं अन् बाहेर जाऊन थुंकलं. मग पूजा होईपर्यंत शाळेतच नाही गेले. रोज दप्तर घेऊन निघायचे अन् नाल्याच्या काठी बसून राहायचे. बापाला कधी कळलं नाही. मला पण नाही सांगितलं इतकी वर्षं. त्या दिवशी, कैरीच्या दिवशी, घरी आले, जेवले नाही, तेव्हा सांगितलं. लहान पोरासारखे रडले, बाई. म्हणाले, त्या गुरुजीनं माझं कारण काय लिहिलं असेल?"

खोटारडे! एक दिवस शाळा बुडवला नाही म्हणे. नाल्याकाठी दप्तर मांडीवर घेऊन बसलेला तो पोरगा तुम्ही आयुष्यभर लपवून ठेवलात, आणि माझ्यासमोर कांजण्यांच्या गोष्टी सांगितल्यात. मला इतका राग आला, दादा, बौदींसमोर मला उठून अंगणात जावं लागलं. बायकोला सांगितलंत, मला का नाही? मी काय केलं असतं? हसले असते, नक्की हसले असते. मग मीही माझ्या पाटीची गोष्ट सांगितली असती, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. बाजाराची सांगितली, तापाची सांगितली, वर्गातलं ते वाक्य नाही सांगितलं. आपण दोघं एकाच बाकावरची पोरं होतो आणि समोरासमोर उभं राहून भांडत बसलो.

राग अजून गेलेला नाही. पण तुमचं घंटी घेऊन फिरणं आता मला निराळं दिसतं. मला वाटायचं तुम्ही पोरांना पकडायला जाता. तुम्ही नाल्याकाठी कोणी बसलंय का ते बघायला जात होतात. मैनी आता चौथीत आहे आणि बेधडक मोठ्यानं वाचते. ते तुमच्यामुळे, हे मी एकदाही म्हटलं नाही, भांडणात मागं पडायला नको म्हणून. आता म्हणते. ऐकायला तुम्ही नाहीत, म्हणून म्हणवतं आहे.

आज शाळा सुटल्यावर मी अंगणात आले. आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडलाय. परवाच्या वाऱ्यानं पडल्या असतील. एकाही पोरानं एकही उचललेली नाही. सगळी त्यांच्यावरून उड्या मारत घरी गेली. मला वाटलं, पंडुम तर काल होतं ना? तुम्ही असतानाच दिवस ठरला होता, तुम्ही टॉवेलसुद्धा धुऊन शाळेत आणून ठेवला होता. मैनी मागं रेंगाळत होती. तिला विचारलं, काल पंडुम झालं ना गं?

"नाई बाई."

"काऊन?"

"आजानं थांबवलं." तिनं पायाच्या अंगठ्यानं एक कैरी बाजूला सारली. "आजा म्हने, गावातला मानूस गेला. गुरुजीचे दिवस होऊ द्या, मंग पाहू."

 ती गेली. मी कुलूप लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

घरी आले तर अम्मीनं वर्षाचं पहिलं कैरीचं लोणचं घातलं होतं. ताटात वाढलं. मी बोटानं बाजूला केलं. तिनं विचारलं, "क्यूँ, तबियत ठीक नहीं? बुखार है क्या?"

मी म्हटलं, ताप नाही अम्मी. आमच्या गावात मयत झाली आहे. अजून आंबा खायचा नाही.